चैन

डब्यावर विश्रामने मार्करने लिहिलंय: चैन.
बोर्नव्हिटाचा जुना डबा, झाकण थोडं चेपलेलं,
त्यात दर महिन्याच्या आठ तारखेला तीनशे रुपये.
सातला हप्ता जातो, अकरा हजार सहाशे चाळीस,
आणि आठला आम्ही उरलेलं मोजतो,
नोटा आधी, नाणी नंतर, श्वास सगळ्यात शेवटी.

झेरॉक्सचं दुकान बंद पडून दोन वर्षं झाली.
मशीन गेलं, काउंटर गेला,
'येथे लॅमिनेशन करून मिळेल' एवढी पाटी राहिली.
ती मी पोळपाटाखाली घेते. हलत नाही.
कर्जाची मूळ प्रत बँकेत,
आमच्याकडे दर महिन्याला नवी कॉपी.

म्हणून आम्ही घाटकोपरच्या फर्निचर शोरूममध्ये जातो,
एकेका सोफ्यावर बसून भांडतो
की हा आपल्या हॉलमध्ये मावेल का.
आपल्याला हॉल नाही, हे दोघांनाही माहीत.
सेल्समन पाणी आणतो, थंड, काचेच्या ग्लासात.
"विचार करून सांगतो," विश्राम म्हणतो
इतक्या गंभीरपणे
की मीही क्षणभर विचार करते.

एकदा जरीमरीला भिंतीशी उभं राहून विमानं पाहिली.
मी म्हटलं, हे इस्तंबूलचं.
छे, नागपूरचं, तो म्हणाला,
बघ किती निवांत उतरतंय.

आणि गेल्या रविवारी वेसाव्याच्या जेट्टीवर,
माणशी दहा, पलीकडे मढ.
बोटीत दोन स्कूटर, एक फ्रिज,
कोंबड्यांची एक करंडी आणि आम्ही.
फोन वाजला.
हप्त्याचा नाही, हा कार्डाचा,
दोन हजार शंभर, चार दिवस उशीर.

"मॅडम, पेमेंट कधी करताय?"
"मंगळवारी," मी इंजिनावर ओरडले.
"आवाज कसला येतोय?"
"बोटीचा."
"बोटीत आहात?"
तिच्या त्या एका शब्दात अख्खं जहाज होतं,
डेकवर आरामखुर्च्या, शहाळी, पांढऱ्या छत्र्या
आणि बुडवलेले दोन हजार शंभर.
"दहा रुपयांची बोट आहे हो," मी म्हटलं,
"पाच मिनिटांत संपते.
परतीचे दहा वेगळे बांधून ठेवलेत."

पलीकडे शांत.
म्हणजे तिच्या मागे चाळीस जणी चाळीस जणांना
कधी भरताय, कधी भरताय,
पण ती शांत.
मग आवाज खाली आणून,
"मी कधी बसलेच नाही बोटीत. ऐरोलीची ना मी.
खाडी दिसते, बसमधून."

मी फोन पाण्याकडे धरला, हात लांब करून.
विश्रामने माझं कोपर घट्ट पकडलं,
फोनचेही अजून तीन हप्ते बाकी आहेत.
खूप वेळ धरला. म्हणजे बोट मधोमध येईपर्यंत.
एक कोंबडी मध्येच बोलली.

"मंगळवार नोंदवते, मॅडम.
आपला दिवस शुभ असो."

हे कॉल रेकॉर्ड होतात म्हणे.
तर कुठल्यातरी थंड खोलीत, आमच्या खात्यासमोर,
थकबाकीच्या रकान्याला लागून
थोडं पाणी जमा असेल.

मढला एकच गोळा घेतला, काला खट्टा.
विश्राम नेहमी खालून चोखतो
आणि माझ्या वाट्याला पांढरा बर्फ ठेवतो.
यावरून परतीच्या बोटीत आम्ही बोललो नाही.

मंगळवारी पैसे भरले. पोचल्याचा मेसेज आला,
'कृपया या क्रमांकावर उत्तर देऊ नये.'
मी दिलं:
संध्याकाळी या, ऊन नसतं.
सुट्टे दहा आणा. नाहीतर तो कुरकुरतो.

मेसेज गेला नाही.
गेला नाही तरी दीड रुपया कापला.
विश्रामने डबा पुढे सरकवला,
"यातून घे," म्हणाला, "ही चैनच."